गेटपर्यंतची बस

यांची नजर एकदम गेली नाही. काचबिंदू सगळं हळूहळू करतो. आधी बाजूचं दिसेनासं झालं. चंद्रपूरच्या वीज केंद्राच्या वसाहतीत, ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये जेवताना ताटाशेजारचा पाण्याचा पेला हाताने लवंडायचा आणि हे माझ्यावरच चिडायचे, पेला असा कडेला कशाला ठेवतेस म्हणून. मग कामावर जिन्यात पाय चुकला. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेलं परत येणार नाही, उरलेलं सांभाळू. उरलेलंही सांभाळलं गेलं नाही. पन्नाशी गाठायच्या आत यांनी नोकरी सोडली, आम्ही क्वार्टर सोडलं आणि मूल रोडच्या एका कॉलनीत बांधून ठेवलेल्या दोन खोल्यांमध्ये राहायला आलो.

मी तेव्हा खेड्यातल्या शाळेत शिकवत होते. सकाळी स्कूटरने जायची, संध्याकाळी परतायची. मुलगी लग्न होऊन गेलेली. दिवसभर घरात हे एकटे. पहिलं वर्ष फार वाईट गेलं. मी परत आले की हे सकाळी बसले होते त्याच खुर्चीत बसलेले असायचे. डबा झाकलेला तसाच. विचारलं की म्हणायचे, "भूक नोहती." दुसरं काही बोलणं नाही.

यांना त्या खुर्चीतून उठवलं ते यांच्या शाळेतल्या सोबत्याने. दोघं जुन्या शहराच्या तटाच्या, म्हणजे परकोटाच्या आतल्या एकाच शाळेत, एकाच बाकावर बसलेले. आम्ही बौद्ध, ते मुसलमान. दोघांच्या आया शेजारी बसून विड्या वळायच्या, तेव्हापासूनची ही ओळख. शाळा सुटल्यावर हे आयटीआयला गेले आणि ते वडिलांच्या घड्याळ दुरुस्तीच्या दुकानात बसले. मी त्यांना भाऊ म्हणायची, ते मला बाई म्हणायचे. त्यांच्या बायकोला आम्ही सगळेच भाभी म्हणायचो.

एका रविवारी भाऊ घरी आले. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले आणि जाताना दारात चपला घालता घालता म्हणाले, "उद्या दुकानात ये बे. घरी बसून काय भिंती मोजून राह्यला?"

हे म्हणाले, "येऊ कसा? दिसते काय मले?"

"बसमंदी बसाले डोळे लागत नाई. कंडक्टर उतरवते. उतरला का सरळ चालत ये, दुकानाच्या पायऱ्या तुले लहानपणापासून ठाऊक आहेत."

मला हे बोलणं कठोर वाटलं. पण दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा खुर्ची रिकामी होती. शेजारी विचारायला निघाले तर समोरून हे काठी टेकत येताना दिसले. शर्टावर चहा सांडलेला होता. चेहऱ्यावर असं काही होतं, जे मी वर्षभरात पाहिलं नव्हतं.

तेव्हा आमच्या कॉलनीच्या तोंडाशी शहर बस थांबायची. दुपारी दोन गाड्या जायच्या, संध्याकाळी एक परत यायची. ती जुन्या शहराचं गेट ओलांडून थेट आत, बाजाराच्या चौकात जायची. चौकात उतरलं की फुटपाथ. फुटपाथ म्हणजे दुकानांच्या पायऱ्यांपुढची फरशीची पट्टी, कुठे रुंद, कुठे अरुंद. पण ती मोकळी होती. हे एका हाताने भिंत धरून जायचे. कापड दुकानाच्या नव्या ताग्यांचा वास आला, मग कचोरीवाल्याच्या तेलाचा आला, मग औषधांच्या दुकानातली गार हवा पायावर आली, की पुढे भाऊंचं दुकान. एका दुमजली इमारतीच्या जिन्याखाली बसवलेलं, दोन माणसं जेमतेम मावतील एवढं. एका माणसाच्या जागेवर भाऊ डोळ्याला भिंग लावून बसायचे, दुसरीवर हे.

तिथे काय चालायचं ते मी सुट्टीच्या दिवशी पाहिलेलं आहे. विशेष काहीच नाही. भाऊ घड्याळ उघडायचे, हे पेपरातलं काय काय ते विचारायचे. भाऊ मथळे वाचून दाखवायचे, त्यावर दोघांचं भांडण व्हायचं. शेजारच्या बांगड्यांच्या दुकानातली बाई मधूनच ओरडायची, "हळू बोला हो, गिऱ्हाईक भिते." गावाकडची माणसं सेल बदलायला यायची, बसून राहायची, धानाचं बोलायची, वाघ कुठे निघाला ते सांगायची. हे संध्याकाळी घरी येऊन मला सगळं सांगायचे. मी पोळ्या लाटायची आणि ऐकायची. घरात पुन्हा बोलणं सुरू झालं होतं.

एकदा भाऊंनी यांच्यासाठी एक मनगटी घड्याळ तयार केलं. काच काढून तिथे उघडझाप होणारं झाकण बसवलं होतं, बोटाने काटे चाचपून वेळ कळायची. हे रात्रंदिवस ते घालून असायचे. भाऊ म्हणायचे, "आता उशिरा आला तर बहाना नाई चालणार."

असं पाच-सहा वर्षं चाललं. मग बाजार बदलला. तो कोणा एकाने बदलवला असं म्हणता येणार नाही. घरटी गाड्या आल्या. आमच्या घरी एक आलीच होती. दुकानदाराची एक, त्याच्या मुलाची एक, नोकरांच्या दोन, सगळ्या दुकानापुढे लागायच्या. गिऱ्हाईकांच्या रस्त्यावर. रस्त्यावर जागा उरली नाही तेव्हा त्या फुटपाथवर चढल्या. दोन चारचाकी समोरासमोर आल्या की गेटपासून चौकापर्यंत सगळं थांबायचं आणि त्या खोळंब्यात बस अडकली की तिला मागेही येता यायचं नाही. शेवटी ठरलं की बस आत नेऊच नये. थांबा गेटच्या बाहेर हलला. तिथे एक खांब रोवला, त्यावर पाटी. शेड नाही, झाड नाही. बसायला काही नाही.

ज्यांना दिसतं त्यांच्यासाठी गेटपासून बाजार दूर नाही. यांच्यासाठी तो अंतराचा प्रश्नच नव्हता. भिंत धरायला हात पुढे केला की आरसा लागायचा, ब्रेकचा दांडा लागायचा, सीट लागायची. फुटपाथ सोडून रस्त्यावर उतरलं की मागून हॉर्न. एकदा कोणी तरी नुकतीच लावलेली मोटरसायकल होती, तिच्या सायलेन्सरला यांची पोटरी चिकटली. घरी आल्यावर मी पायजमा वर करून पाहिलं तर तळहाताएवढं कातडं सोललेलं. हे म्हणाले, "भाऊले सांगू नको."

पण बांगड्यावालीने सांगितलंच. दुसऱ्या दिवसापासून भाऊ दुकानाला अर्धं शटर ओढून गेटवर येऊन उभे राहायला लागले. बस आली की यांचा हात आपल्या खांद्यावर ठेवायचे आणि पुढे चालायचे. संध्याकाळी पुन्हा सोडायला. भाऊंचं वय यांच्याएवढंच, वर साखर आणि रक्तदाब. मी त्यांना म्हटलं, "भाऊ, तुम्ही रोज कशाला येता? यांना मी सुट्टीच्या दिवशी आणत जाईन."

ते म्हणाले, "बाई, दुकानात तरी कोण येऊन राह्यलं? गावाकडचे लोक बस आत येत होती म्हणून येत होते. आता ते बाहेरच्या बाहेर काम करून वापस जातात. मी बसल्या बसल्या अकडून राह्यलो. तेवढंच फिरणं होते."

मी आणि भाऊ एकदा या फुटपाथच्या कामासाठी पालिकेच्या कार्यालयात गेलो होतो. हेही सोबत होते. तिथला साहेब भला माणूस होता, त्याने यांना स्वतः उठून खुर्ची दिली. मी म्हटलं, बस आत येत नाही तर निदान गेटपासून चौकापर्यंत एका बाजूचा फुटपाथ मोकळा ठेवा. म्हातारी माणसं आहेत, बाळंतिणी आहेत, यांच्यासारखे लोक आहेत. साहेब म्हणाला, "मॅडम, खरं सांगू? गाड्या उचलल्या तर व्यापारी येतात माझ्याकडे. नाही उचलल्या तर तुम्ही येता. गाड्या ठेवायला जागा दाखवा म्हणतात. या परकोटाच्या आत जागा कुठून आणू मी?"

भाऊ म्हणाले, "साहेब, आमी गाड्या ठेवाले जागा मागून नाई राह्यलो. पाय ठेवाले मागून राह्यलो."

साहेब हसला नाही. त्याने लिहून घेतलं आणि खरोखरच काही दिवसांनी फुटपाथच्या कडेने पिवळा पट्टा मारला गेला. यांना त्या पट्ट्याचा काय उपयोग, पण काही आठवडे लोकांनी तो पाळला. भाऊ खुशीत होते. मग पोळ्याचा बाजार आला, मागोमाग गणपती, आणि गाड्या पट्ट्यावर चढल्या त्या चढल्याच. रंग चाकांखाली घासून गेला. आम्ही पुन्हा त्या कार्यालयात गेलो तेव्हा साहेबाची बदली झाली होती.

त्यानंतरचा मे महिना मला विसरता येत नाही. चंद्रपूरचा मे आम्हाला नवा नाही. दुपारी बारा ते चार रस्त्यावर कुत्रंही नसतं. भाऊंनी यांना सांगूनच ठेवलं होतं की या दिवसांत चारच्या गाडीने येत जा, आधी नको. मला सुट्टी लागली होती. मी यांना म्हटलं, "आज नका जाऊ, हवा बंद आहे." हे म्हणाले, "घरी काय एसी लागला आहे?" ओला दुपट्टा डोक्याला बांधून हे कॉलनीच्या थांब्यावर जाऊन उभे राहिले.

बस आली नाही. का आली नाही ते कधीच कळलं नाही. बिघडली असेल, ड्रायव्हर आला नसेल. बसचं तसं व्हायला लागलं होतं. यांनी भाऊंना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा बांगड्यावालीने उचलला.

"ते मघाच गेले गेटवर तुमाले आणाले. फोन इथीच चार्जिंगले आहे."

हे म्हणाले, "बाई, त्याले सांगा, बस नाई आली. त्याले वापस बोलवा. उन्हात उभा असन."

"आता दुकानात दोन बायका बसून आहेत. चुड्या भरल्या का जातोच."

तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. कोणालाही तसंच वाटलं असतं, की पाच मिनिटांत काय होतं. पण यांना चैन पडेना. मला घरी येऊन सांगितलं असतं तर मी स्कूटर काढली असती. तेवढंही यांना सुचलं नाही. रस्त्याने जाणारी ऑटो हात करून थांबवली आणि बसले. ऑटोवाल्याने गेटच्या अलीकडेच सोडलं, म्हणाला, पुढे जाम आहे. एका कॉलेजच्या मुलीने यांचा हात धरून रस्ता ओलांडून दिला. गेटवरच्या थांब्याशी जाऊन यांनी हाका मारल्या. उत्तर आलं नाही.

भाऊ त्या खांबाशी बराच वेळ उभे होते. रसवंतीवाल्याने पाहिलं होतं. बस काही येत नाही म्हणून ते परत फिरले आणि गेटच्या आत आल्यावर त्यांना चक्कर आली असावी. फुटपाथवर लावलेल्या गाड्यांच्या दोन रांगा होत्या, त्यांच्या मधल्या फटीत ते बसले आणि तिथेच आडवे झाले. रस्त्यावरून माणसं जात होती. बहुतेकांना दिसले नाहीत. ज्यांना दिसले त्यांना वाटलं, कोणी सावलीला झोपलं आहे. बांगड्यावाली शोधत निघाली तेव्हा तिला त्यांची चप्पल ओळखू आली.

अंग तापून निखारा झालं होतं आणि घाम नव्हता. लोक जमले, पाणी ओतलं. कोणी तरी ॲम्बुलन्सला फोन केला. ती आलीही लवकर, पण गेटच्या तोंडाशी एक कार लावलेली होती आणि तिचा मालक कुठल्या दुकानात आहे ते कोणाला माहीत नव्हतं. ॲम्बुलन्स बाहेर सायरन वाजवत उभी आणि भाऊ आत. शेवटी केळीवाल्याने आपला हातठेला रिकामा केला. सगळी केळी खाली फरशीवर ठेवली आणि भाऊंना ठेल्यावर झोपवलं.

तोपर्यंत हे त्या आवाजाच्या दिशेने येऊन पोचले होते. कोणी तरी यांचा हात नेऊन भाऊंच्या हातात दिला. भाऊंनी डोळे उघडले.

"तू एकटा काऊन आला बे?"

"तू काऊन उभा राह्यला एवढा वेळ?"

"गाडी आली का?"

"नाई आली."

"मी म्हटलं गाडी आता येईन, मंग येईन," भाऊ म्हणाले, आणि पुन्हा डोळे मिटले.

मला हे सगळं यांनीच सांगितलं. मी दवाखान्यात पोचले तेव्हा हे बाहेरच्या बाकावर बसले होते, यांच्या दोन्ही हातांना केळीच्या चिकाचे डाग होते. शेजारी भाभी तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. मी मध्ये बसले.

भाऊ वाचले. डॉक्टर म्हणाले, नशीब. पण उन्हाने आत काय काय जाळलं होतं ते पुढे समजत गेलं. आधी मूत्रपिंडं, मग हृदय. पाय सुजायचे. घराचे दोन जिने चढून वर गेले की खाली उतरणं नको वाटायचं. दुकान बंद झालं. मुलगा पुण्याला कंपनीत होता, त्याला घड्याळांत रस नव्हता, असण्याचं कारणही नव्हतं. मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या एकाने ते भाड्याने घेतलं. भाऊंनी हत्यारं घरी आणून पलंगाखाली ठेवली.

भाऊंचं घर दुकानाच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर होतं. पावसाळ्यात मी यांना सुट्टीच्या दिवशी स्कूटरवर बसवून सकाळी लवकर घेऊन जायची. बाजार उघडायच्या आत गाडी गल्लीत लागायची. मी भाभींबरोबर स्वयंपाकघरात बसायची, हे दोघं खिडकीशी. आता भांडण होत नसे. भाऊंना दम लागायचा. हे बोलायचे, ते ऐकायचे. पूर्वीच्या उलटं झालं होतं. निघताना भाऊ दर वेळी म्हणायचे, "पुढच्या वेळी मीच खाली येतो उतरून." यांना ते खरं वाटायचं की नाही मला कळत नसे.

आमची बस तोवर बंदच झाली होती. त्या मे महिन्यापासून कधी यायची, कधी नाही; मग माणसं तिच्या भरवशावर राहीनात. मग गाडी रिकामी धावते म्हणून फेरीच काढून टाकली.

त्या वर्षी मी निवृत्त झाले. दिवाळीच्या तोंडावर, धनत्रयोदशीला, दुपारी भाऊंचा फोन आला. आवाज बारीक झाला होता. "ये ना बे आज. जीव लागून नाई राह्यला."

हे ताबडतोब उठले. इस्त्रीचा शर्ट मागितला. मी म्हटलं, आज बाजाराचा दिवस आहे, सकाळी जाऊ. हे म्हणाले, "त्याने कधी असं म्हटलं नाई." आम्ही निघालो.

गेटवर बांबू आडवे लावले होते. गाड्यांना आत बंदी, आणि ते बरोबरच होतं, आत मुंगीला जागा नव्हती. पोलिसाने मैदान दाखवलं, तिथे गाडी लावा म्हणाला. मैदान भरलेलं. दुसरीकडे गेलो, तिथे दोरी बांधून टाकली होती. परकोटाला बाहेरून आम्ही फेरी मारली. मग दुसरी. जिथे थोडी जागा दिसायची तिथे पोचेपर्यंत कोणी तरी चाक घालायचं. मागे बसून हे विचारत होते, "भेटली का?" आणि मी म्हणत होते, "पुढे पाहू."

शेवटी गेटच्या जवळ मी यांना उतरवलं. म्हटलं, "इथे या खांबाला धरून उभे राहा, मी कुठेही गाडी टाकून येते." जेमतेम वळले असेन, तेवढ्यात ओरडणं ऐकू आलं. गर्दी रेटत होती. कोणाच्या तरी गाडीचं हँडल यांच्या छातीत बसलं होतं, काठी पायांखाली गेली होती आणि हे दोन्ही हात पुढे करून काही तरी धरायला शोधत होते. मी गाडी तशीच रस्त्यात उभी करून धावले. पोलिसाने शिट्टी मारली. "बाई, गाडी काढा आधी! पाहा मागे किती लाइन लागली!"

"अहो, यांना दिसत नाही," मी म्हटलं.

"मंग कायले आणलं यायले आजच्या दिवशी?"

मी काठी उचलली. यांना मागे बसवलं. थोडं पुढे एका पेट्रोल पंपापाशी मी थांबले. हे म्हणाले, "चल घरी. परवा सकाळी येऊ, भीड सरली का." तिथूनच यांनी फोन लावला.

"आलो होतो रे. गेटपावतर आलो होतो. गाडी लावाले जागा नाई."

भाऊ पलीकडून काही तरी म्हणाले. हे जरा हसले. फोन बंद करून मला म्हणाले, "म्हणते, गेटवरून हाक मारली असती तर खिडकीत आलो असतो."

परवाची सकाळ आली नाही. दुसऱ्याच दिवशी उजाडता उजाडता भाभींचा फोन आला.

त्या सकाळी जागा मिळाली. रस्ते निजलेले होते. मी स्कूटर गल्लीत लावली आणि यांना वर नेलं. यांनी भाऊंच्या पायांना हात लावला, मग हातांना, मग चेहऱ्यावरून हात फिरवला, कपाळापासून हनुवटीपर्यंत, सावकाश. हे म्हणाले, "दाढी वाढली होती याची. मले सांगतलं नाई कोणी." आणि मग हे रडले. आंधळा माणूस कसा रडतो ते मी त्याआधी पाहिलं नव्हतं. काचबिंदू झाला तेव्हाही हे रडले नव्हते.

पुण्याहून मुलगा यायला दुपार झाली. तोवर बाजार भरला होता. बायका मागेच राहतात, मी भाभींना धरून खिडकीशी बसले. खाली जनाजा निघाला. गल्लीतून मोठ्या रस्त्यावर आला आणि थांबला. दोन्ही बाजूंना मोटरसायकली, मध्ये गर्दी. मग लोकांनी गाड्या उचलायला सुरुवात केली. एकेक गाडी दोघं-तिघं मिळून उचलायची आणि दुकानाच्या पायरीवर ठेवायची. सोनाराच्या दुकानातली माणसं गिऱ्हाईकं सोडून बाहेर आली, कापडवाला आला, केळीवाला आला. कोणी हॉर्न वाजवत होता, तो थांबला. वाट होत गेली. हे पुढच्या बाजूला खांदा द्यायला होते. त्या दांड्याला धरून चालत होते, म्हणून यांना कोणी हात द्यायची गरज पडली नाही. मी वरून पाहत होते. भाभी मला विचारत होत्या, "गेले का? पोचले का गेटपर्यंत?" जनाजा गेटातून बाहेर पडेपर्यंत मी त्यांना सांगत राहिले.

जनाजा गेला. मागे लोकांनी आपापल्या गाड्या पायऱ्यांवरून उतरवून पुन्हा होत्या तिथे लावल्या. दिवाळीचे दिवस होते, त्यांना धंदा करायचा होता.

चाळीसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर भाभी लेकाकडे पुण्याला गेल्या. त्या गल्लीत आता जायला आमचं कोणी नाही. थंडीत एकदा हे म्हणाले, मला एकदा तिकडे फिरवून आण, पहाटे, कोणी नसेल तेव्हा. मी नेलं. खरंच कोणी नव्हतं. गेटपासून चौकापर्यंत फुटपाथ धुतल्यासारखा मोकळा होता. हे भिंतीला हात लावून चालत गेले, कुठेही अडखळले नाहीत. जिन्याखालच्या दुकानाचं शटर बंद होतं. त्याच्या पायरीवर जाऊन बसले. मी बाजूला उभी राहिले. ऊन अंगावर आलं, शटरं वर जायला लागली. एक माणूस मोटरसायकल फुटपाथवर चढवत आला, यांच्यासमोर थांबला आणि सभ्यपणे म्हणाला, "काका, थोडं सरकता का? गाडी लावायची आहे."

हे उठले आणि सरकले. मग मला म्हणाले, "चल."

त्यानंतर हे परकोटाच्या आत गेलेले नाहीत. मी जाते, किराणा आणायला, औषधं आणायला, सकाळी सकाळी. आल्यावर हे काही विचारत नाहीत. मीच काहीबाही सांगते, बांगड्यावालीने नमस्कार सांगितला आहे, कचोरीवाल्याने नवी कढई घेतली आहे. हे ऐकून घेतात. मागच्या महिन्यात कॉलनीतले काही लोक बस पुन्हा सुरू व्हावी म्हणून सह्या घ्यायला आले होते. यांनी सही केली. त्यांनी विचारलं, "काका, बस सुरू झाली तर तुम्ही जाल ना बाजारात?" हे म्हणाले, "मी कोणाकडे जाऊ?" माणसं चहा घेऊन पुढच्या घरी गेली. मी कप उचलून आत आले. बाहेर हे अजून त्याच खुर्चीत होते, भिंतीकडे तोंड करून.